नॉर्थोल्टचा गरुड आणि कोल्हापूरचे वळिवडे : लंडन परिसरातील मराठी मंडळांना आणि मराठी शाळांना खुले पत्र

प्रति,
लंडन आणि परिसरातील मराठी मंडळांचे पदाधिकारी, मराठी शाळांचे शिक्षक आणि पालक यांस,

सप्रेम नमस्कार.

मंडळांच्या वर्षभराच्या कार्यक्रमांची आखणी सुरू झाली की संक्रांतीचे हळदीकुंकू, गुढीपाडवा, गणपती, कोजागिरी आणि दिवाळी यांच्या तारखा आधी पक्क्या होतात आणि उरलेल्या एखाद्या शनिवारी मुलांची सहल कुठे न्यावी यावर चर्चा होते. त्या चर्चेसाठी एक ठिकाण सुचवावे आणि ते का सुचवीत आहे हे सविस्तर सांगावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. साउथ रायस्लिपजवळ वेस्टर्न अॅव्हेन्यू म्हणजे ए ४० हा महामार्ग आणि वेस्ट एंड रोड जिथे मिळतात, तिथे नॉर्थोल्ट विमानतळाच्या कोपऱ्याशी दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या पोलिश वैमानिकांचे स्मारक आहे. आपण आपल्या मुलांना तिथे घेऊन जावे, अशी माझी विनंती आहे.

हॅरो, वेम्ब्ली, हेज आणि हौन्स्लो या भागांत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी या स्मारकाचे नाव शेकडो वेळा ऐकले आहे, पण ते वाहतुकीच्या बातम्यांत. पोलिश वॉर मेमोरियलपाशी गाड्यांची रांग लागली आहे, पोलिश वॉर मेमोरियलच्या पुढे रस्ता मोकळा आहे, अशा वाक्यांत ते आपल्या कानांवर पडते. मुंबईत रोज हुतात्मा चौकात बस बदलणाऱ्याला 'हुतात्मा' हा शब्द जसा हळूहळू नुसत्या थांब्याचे नाव वाटू लागतो, तसेच इथे झाले आहे. दोन वर्षांपूर्वी एका मराठी शाळेची सहल घेऊन आम्ही ऑक्सफर्डला निघालो होतो आणि आमची बस याच चौकापाशी वीसेक मिनिटे अडकली. स्तंभावरचा ब्राँझचा गरुड पाहून सात-आठ वर्षांच्या एका मुलीने विचारले, की हा पक्षी कोणाचा आणि तो इथे कशासाठी ठेवला आहे. आम्ही तिघे शिक्षक बसमध्ये होतो आणि तिघांपैकी कोणालाही तिला एका वाक्याच्या पुढे काही सांगता आले नाही. मी मूळची कोल्हापूरची असून मला सांगता आले नाही, हे मला फार लागले. कोल्हापूरचा इथे काय संबंध, ते पुढे येईलच.

त्यानंतर मी तिथे मुद्दाम गेले ती १ नोव्हेंबर २०२४ रोजी. त्या दिवशी आपले लक्ष्मीपूजन होते आणि पोलिश कुटुंबे आपल्या गेलेल्या माणसांच्या थडग्यांवर जाऊन दिवे लावतात तो सर्व संतांचा दिवसही होता. दुपारी रायस्लिप गार्डन्स स्टेशनवर उतरून विमानतळाच्या कडेकडेने वेस्ट एंड रोडने चालत गेले. स्मारकाच्या पायाशी झाकणाचे, लाल काचेचे बरेच दिवे आधीच तेवत होते. पोलिश दुकानांत मिळणारे हे दिवे उंच पेल्यासारखे असतात, आत जाड मेणबत्ती असते आणि वाऱ्यापावसात ती तासन्‌तास टिकावी म्हणून झाकणाला लहान भोके ठेवलेली असतात. ऐंशीच्या घरातल्या एक आजी आपला दिवा लावू पाहत होत्या आणि महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या ट्रकच्या झोताने त्यांची काडी विझत होती. मी कोट पसरून वाऱ्याच्या बाजूला उभी राहिले, तेव्हा पाचव्या की सहाव्या काडीला वात धरली. मग त्यांनी काचेवर लागलेली काजळी हातरुमालाने पुसली, दिवा खाली ठेवला आणि दगडावरच्या एका नावाकडे बोट दाखवले. मी ते इंग्रजी पद्धतीने वाचले आणि अखेरचे अक्षर 'क' असे उच्चारले. त्यांनी मान हलवली आणि ते नाव स्वच्छ म्हणून दाखवले. अखेरीस 'क' नव्हता, आपल्या 'चहा'तला 'च' होता. मी ते पुन्हा म्हटले, तेव्हा त्यांनी माझा हात दाबला. आमच्यात याहून अधिक बोलणे झाले नाही. त्या संध्याकाळी घरी पणत्या लावताना मला ते नाव येत होते, आणि या पत्रातली निम्मी विनंती त्या एका नावातून निघाली आहे.

आता त्या मुलीला बसमध्ये द्यायला हवे होते ते उत्तर. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंडवर आक्रमण केले. देश हातचा गेला तेव्हा पोलिश हवाई दलातील हजारो माणसे रुमानिया आणि हंगेरीमार्गे निसटून फ्रान्समध्ये पोहोचली, आणि जून १९४० मध्ये फ्रान्सही पडल्यावर ती ब्रिटनमध्ये आली. त्यांच्या अनुभवाविषयी इथल्या अधिकाऱ्यांना सुरुवातीला शंकाच होती. त्यांना इंग्रजी येत नव्हते. त्यांच्या मायदेशातील लढाऊ विमानाची चाके कायम खाली असत, त्यामुळे हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाची चाके उतरताना आठवणीने खाली घ्यायची सवय त्यांना नव्याने लावून घ्यावी लागली. फ्रेंच विमानांत वेग वाढवायचा दांडा ज्या बाजूला ओढायचा, त्याच्या उलट बाजूला तो इथे ढकलावा लागे. किलोमीटर आणि मीटर सोडून मैल आणि फूट यांत विचार करावा लागला. रेडिओवरचे इंग्रजी हुकूम अंगवळणी पडावेत म्हणून या अनुभवी लढवय्यांना मैदानावर तीनचाकी सायकली देऊन त्यांवरून रांगेने फिरवले गेले, हा प्रसंग मुलांना सांगितला तर ती कधी विसरणार नाहीत. परक्या देशात येऊन आपले सगळे कौशल्य पुन्हा पहिल्या इयत्तेपासून सिद्ध करावे लागते म्हणजे काय, हे आपल्यातील अनेक आईवडिलांनाही वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

२ ऑगस्ट १९४० रोजी नॉर्थोल्टला ३०३ क्रमांकाची पोलिश स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांची तुकडी, उभी राहिली. पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्या कोश्च्युश्को या सेनानीचे नाव तिला दिलेले होते. ३० ऑगस्टला तिची सरावाची भरारी चालू असताना लुद्विक पाश्किएविच या वैमानिकाला जर्मन विमाने दिसली. त्याने रांग सोडली, पाठलाग केला आणि एक विमान पाडले. दुसऱ्याच दिवशी स्क्वाड्रनला लढाईसाठी सज्ज घोषित करण्यात आले. पुढच्या सहा आठवड्यांत तिच्या खात्यावर १२६ विमाने पाडल्याची नोंद झाली. नंतरच्या अभ्यासकांनी सर्वच स्क्वाड्रनांचे असे आकडे जर्मन कागदपत्रांशी ताडून कमी केले आहेत आणि या आकड्याचेही तसेच झाले आहे, पण ब्रिटनच्या लढाईत, म्हणजे १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात जर्मनीशी झालेल्या हवाई युद्धात, हरिकेनवर लढलेल्या तुकड्यांत ३०३ अगदी वरच्या क्रमांकावर होती, याविषयी दुमत नाही. या लढाईत एकूण १४५ पोलिश वैमानिक उडाले. लढाऊ विमानांच्या विभागाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी पुढे लिहून ठेवले, की पोलिश स्क्वाड्रनांचे शौर्य पाठीशी नसते तर लढाईचा निकाल हाच लागला असता असे म्हणायला ते धजले नसते. पाश्किएविच २७ सप्टेंबर १९४० रोजी मारला गेला. त्याच स्क्वाड्रनमधून लढलेला आणि १७ विमाने पाडलेला योसेफ फ्रांतिशेक हा मूळचा चेक वैमानिक ८ ऑक्टोबरला गेला. दोघांच्याही समाधी इथून थोड्याच अंतरावर नॉर्थवुडच्या दफनभूमीत आहेत.

मला स्वतःला या सर्वांत मिरोस्वाव फेरिच जवळचा वाटतो. त्याने रोजनिशी ठेवली होती. पुढे तो इतरांकडूनही आपापल्या चकमकीची हकिकत स्वतःच्या हाताने तीत लिहून घेऊ लागला आणि एका माणसाची वही साऱ्या स्क्वाड्रनची बखर झाली. ब्रिटनच्या लढाईतून तो वाचला, पण १४ फेब्रुवारी १९४२ रोजी याच नॉर्थोल्टवर त्याचे स्पिटफायर कोसळून तो गेला. बखर पुढे इतरांनी चालू ठेवली. ज्या भाषेत बखर हा शब्द आहे त्या भाषेतील मुलांना ही गोष्ट सांगायला मराठी शिक्षकाला वेगळी तयारी करावी लागू नये.

पुढचा भाग सांगायला अवघड आहे, तरी तो गाळू नये. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा परिषदेत पोलंडचा पूर्वेकडचा प्रदेश सोव्हिएत संघाकडे जाणार हे ठरले, आणि जुलैमध्ये ब्रिटनने, देश हातचा गेल्यावर लंडनमधून कारभार करणाऱ्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ८ जून १९४६ रोजी लंडनमध्ये विजयाचे मोठे संचलन झाले. त्यात भारतीय सैनिक होते, पण ब्रिटिश नेतृत्वाखाली लढलेल्या पोलिश सैन्याला त्यात स्थान नव्हते. लढाईत नाव गाजवलेल्या पंचवीस पोलिश वैमानिकांना तेवढे बोलावणे आले होते. बाकीच्या सोबत्यांना वगळून आम्ही येणार नाही, असे म्हणून त्यांनी ते नाकारले. जे मायदेशी परतले त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला तुरुंग आला. स्तानिस्वाव स्काल्स्की हा त्यांचा सर्वांत यशस्वी लढाऊ वैमानिक १९४७ मध्ये परतला, पुढच्याच वर्षी पकडला गेला, त्याला फाशीची शिक्षा झाली आणि ती रद्द होऊनही त्याची सुटका १९५६ मध्ये झाली. नॉर्थोल्टचे स्मारक २ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटिश हवाई दलाचे तेव्हाचे प्रमुख लॉर्ड टेडर यांच्या हस्ते खुले झाले, ते या पार्श्वभूमीवर. मियेचिस्वाव लुबेल्स्की हा त्याचा शिल्पकार स्वतः युद्धात जर्मनांच्या सक्तमजुरीच्या छावणीत राहून आलेला होता. पोर्टलंडचा फिकट दगड, ब्राँझची अक्षरे, वर झेपावण्याच्या बेतात असलेला गरुड. सर्वांची नावे कोरायची असे आधी मनात होते, पण मृतांची संख्या दोन हजारांवर गेल्याने तेवढी जागाच नव्हती. म्हणून प्रत्यक्ष मोहिमेवर असताना मारले गेलेल्या बाराशेहून अधिक जणांची नावे तेव्हा कोरली गेली आणि आणखी ६५९ नावांना १९९०च्या दशकातील दुरुस्तीच्या वेळी मागच्या भिंतीवर जागा मिळाली. जवळजवळ पन्नास वर्षे ती माणसे नाव कोरले जाण्याची वाट पाहत होती.

आता वळिवड्याविषयी. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो माणसे उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेली. जुलै १९४१ मध्ये पोलिश आणि सोव्हिएत सरकारांत करार झाला, तेव्हा त्यांतल्या काहींना बाहेर पडता आले. पुरुष पोलिश सैन्यात भरती झाले आणि त्यांच्यातले काही पुढे ब्रिटनमधल्या पोलिश हवाई दलातही आले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे इराणमार्गे जिथे आसरा मिळेल तिथे विखुरली. त्यांच्यापैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथील वसाहतीत राहिले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते, मुलामुलींची बालवीर पथके होती. माझी आजी लहानपणी कोल्हापुरात त्या मुलींना गणवेशात रांगेने जाताना पाहत असे. ती नेहमी म्हणायची, की त्या पोरी गाणी म्हणत चालायच्या आणि त्यांच्या आया मागून अगदी गप्प चालायच्या. आजीला त्याचे कारण ठाऊक नव्हते आणि मलाही ते कळायला लंडनचा महामार्ग लागला. त्या बायकांचे नवरे, भाऊ आणि मुलगे आघाडीवर होते. इटलीत पोलिश सैन्य आणि भारतीय सैन्य एकाच आठव्या आर्मीत लढत होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला त्या हल्ल्यात पोलिश कोअरही उतरलेली होती. तेव्हा कोल्हापूरच्या परिसरात तारेची वाट पाहणारी घरे मराठी होती तशी पोलिशही होती.

युद्ध संपले, पण वळिवड्यातील बहुतेकांचे गाव आता सोव्हिएत हद्दीत गेले होते आणि परत जाण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांच्यापैकी पुष्कळ जण सैन्यातून सुटलेल्या आपल्या माणसांकडे, म्हणजे ब्रिटनमध्ये, आले. ज्या वर्षी वळिवड्याची वसाहत रिकामी झाली त्याच वर्षी नॉर्थोल्टचे स्मारक उभे राहिले. भारतात बालपण काढलेल्या या मुलांनी मोठेपणी इथे लंडनमध्ये आपली संघटना चालवली. वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि त्याचेच आजचे गांधीनगर झाले. कापड खरेदीला गांधीनगरला गेलेल्या आपल्यातील किती जणांना हे माहीत असेल? कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश मंडळींच्या आठवणीचा स्तंभ आहे, वॉर्सामध्ये कोल्हापूरचे ऋण सांगणारे स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले तेव्हा आपल्या सर्वांच्या फोनवर ती छायाचित्रे फिरली. त्या वेळी पोलंड फार दूर वाटला असेल. आपल्या घरापासून ए ४० वरचा हा चौक बसने अर्ध्या तासावर आहे.

एक गोष्ट स्पष्टपणे लिहिते, कारण आपल्या समारंभांत ती घडते हे मी पाहिले आहे. वळिवड्याची गोष्ट सांगताना 'आम्ही त्यांना आसरा दिला' हे वाक्य फार लवकर येते. कोल्हापूरने जागा दिली, माणुसकी दिली, हे खरेच आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असेच आहे. पण वसाहतीच्या खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश सरकारने उचललेला होता आणि ती माणसे कुणाच्या दयेवर जगत नव्हती. म्हणून स्मारकापाशी जाताना मंडळाचे बॅनर, भाषणे, सत्कार आणि व्यासपीठाची छायाचित्रे यांतले काहीही नको, असे मला मनापासून वाटते.

तिथे करायचे ते साधे आहे. मराठी शाळांनी सहलीच्या आधीच्या आठवड्यात एक तास वळिवड्यासाठी आणि एक तास ३०३ स्क्वाड्रनसाठी ठेवावा. स्मारकापाशी प्रत्येक मुलाने एक नाव निवडावे आणि ते देवनागरीत वहीत उतरवून घ्यावे. हे मी उगाच सुचवीत नाही. पोलिश नावे इंग्रजीच्या वाटेने वाचली की पार मोडतात, पण मराठीत ती जवळजवळ जशीच्या तशी उतरतात. आपल्याकडे 'चहा'चा 'च' आहे आणि 'चमच्या'चाही आहे, 'जेवणा'चा 'ज' आहे आणि 'जहाजा'चाही आहे. पोलिश भाषेला या जोड्यांची सतत गरज पडते आणि मराठी मुलांना त्या घरीच मिळालेल्या असतात. पोलिश वर्णमालेतला आडव्या रेघेचा 'ल' हा 'व'सारखा उच्चारायचा, एवढे एक सांगितले की 'मिरोस्वाव' हे नाव आठ वर्षांचे मूलही बरोबर म्हणेल. एखादे अडले तर शेजारी दिवा लावायला आलेल्या कुणालाही विचारावे. माझा अनुभव असा, की ते आनंदाने सांगतात.

तारीख म्हणाल तर १ नोव्हेंबरच्या अलीकडचा किंवा पलीकडचा शनिवार मला योग्य वाटतो. दिवाळी बहुधा त्याच सुमाराला असते, मुलांना मराठी शाळेची सुट्टी असते आणि स्मारकापाशी दिवे लागलेले असतात. प्रत्येक कुटुंबाने ईलिंग किंवा हौन्स्लोच्या पोलिश दुकानातून झाकणाचा एक दिवा आणावा. आपली पणती तिथल्या वाऱ्यात टिकत नाही, हे मी करून पाहिले आहे. मुले लहान असतील तर स्टेशनपासूनच्या चालण्याला अर्धा-पाऊण तास धरावा आणि महामार्ग अगदी लागून असल्याने प्रत्येक चार मुलांमागे एक मोठे माणूस असावे. वेळ उरला तर नॉर्थवुडच्या दफनभूमीत जाऊन पाश्किएविच, फ्रांतिशेक आणि फेरिच यांच्या समाधी पाहाव्यात. तिथे शांतता आहे आणि मुलांना तिथे गोष्ट नीट ऐकू येते.

धड्यांसाठी मी मराठीत बारा पानांची टिपणे तयार केली आहेत आणि ज्या शाळेला हवी असतील तिला ती विनामूल्य देईन. यंदाच्या शनिवारी निदान एका शाळेची मुले आली तरी मी स्टेशनबाहेर सकाळी साडेदहाला उभी असेन. बसमध्ये प्रश्न विचारणारी ती मुलगी आता दहा वर्षांची झाली असेल. तिच्या पालकांच्या वाचनात हे पत्र आले, तर त्यांनी तिला अवश्य घेऊन यावे. तिच्यासाठी एक नाव मी निवडून ठेवले आहे.

आपली,
मराठी शाळेतील एक शिक्षिका,
मूळ गाव कोल्हापूर, सध्या वस्ती पश्चिम लंडन